पहिल्या महिन्यात ४ डॉलर कमावणाऱ्या डॉक्टरनं इन्शुलिन शोधलं, पण त्याची मोठी किंमत कुत्र्यांनी मोजली

डायबेटिस माणसाला होतो, हे सांगायला कुणी लागत नाही. प्रत्येक घरात एक तरी माणूस असा असतो, जो लग्नात जिलेबीकडे बघून नको म्हणतो आणि मग हळूच अर्धी खातो. पण कुत्र्यालाही डायबेटिस होतो, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. कुत्रा कधी जिलेबी खातो, असा प्रश्न येतो.

मीरा-भाईंदरच्या टोकाला असलेल्या उत्तनचंच घ्या. समुद्राला लागून वसलेलं मच्छीमारांचं गाव. बांबूंवर सुकणारे बोंबील, किनाऱ्याला लागलेल्या होड्या आणि त्यांच्या आसपास पहुडलेली कुत्री, हे इथलं रोजचं चित्र. मीरा-भाईंदर महापालिकेचं भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण केंद्रही याच उत्तनमध्ये आहे. त्यामुळे कुत्र्यांचा विषय इथे अधूनमधून निघतोच. पण तो निघतो चावण्याचा, रेबीजचा आणि वाढत्या संख्येचा. कुत्र्याच्या शुगरबद्दल कुणी बोलत नाही.

गंमत अशी, की आज जगभरातले कोट्यवधी लोक जे इन्शुलिन घेऊन जगतात, त्याचा गुण सर्वात आधी दिसला तो एका कुत्र्याच्या रक्तात. हा प्रयोग करणारा डॉक्टर होता फ्रेडरिक बँटिंग. कॅनडातल्या शेतकऱ्याचा मुलगा, ज्याची डॉक्टरकी चालत नव्हती आणि ज्याला डायबेटिसचं स्पेलिंगही धड येत नव्हतं.

शेतकऱ्याच्या घरातलं शेंडेफळ

बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ॲलिस्टन नावाचं गाव आहे, तिथे त्याच्या वडिलांची शेती होती. पाच भावंडांत हा सगळ्यात धाकटा. अभ्यासात फार चमक नव्हती, पण कष्टाची सवय होती. गुरं, घोडे, कुत्री यांच्यातच तो वाढला. या शेतीचा त्याला पुढे प्रयोगशाळेत उपयोग होणार होता, पण ते नंतर.

घरच्यांची इच्छा होती की पोरानं धर्मोपदेशक व्हावं. टोरंटोच्या विद्यापीठात त्यानं सुरुवातही कला शाखेतून केली. मन रमलं नाही. १९१२ मध्ये त्यानं मेडिकलला प्रवेश घेतला.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं. लष्कराला डॉक्टर हवे होते, म्हणून त्याच्या बॅचचा अभ्यासक्रम घाईघाईनं उरकला गेला. १९१६ च्या शेवटी डिग्री हातात पडली आणि तो थेट सैन्याच्या वैद्यकीय दलात गेला. १९१८ मध्ये फ्रान्समधल्या कँब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या उजव्या हातात घुसला. जखमी असतानाही तो इतर सैनिकांवर उपचार करत राहिला. त्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं.

युद्ध संपलं. बँटिंग सर्जन झाला. टोरंटोच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये काही काळ काम केलं, पण कायमची जागा मिळाली नाही. शेवटी १९२० च्या जुलैमध्ये त्यानं ओंटारियोमधल्याच लंडन नावाच्या शहरात स्वतःचा दवाखाना उघडला.

दार उघडं, खुर्ची रिकामी. जवळजवळ महिनाभर पेशंटच आला नाही. त्या पहिल्या महिन्याची कमाई होती फक्त ४ डॉलर. पैसे पुरत नाहीत म्हणून त्यानं तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवण्याचं अर्धवेळ काम धरलं. या कामानंच त्याचं आयुष्य बदललं.

रात्री दोन वाजता लिहिलेली चिठ्ठी

३० ऑक्टोबर १९२० ची रात्र. दुसऱ्या दिवसांत विद्यार्थ्यांना स्वादुपिंड आणि साखरेचं पचन हा विषय शिकवायचा होता. बँटिंग वाचत बसला होता. त्यात मोझेस बॅरन या डॉक्टरचा एक लेख त्याच्या हाती लागला.

इथे थोडं मागे जाऊ, म्हणजे त्या लेखात काय होतं ते कळेल.

१८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात पेशींचे छोटे छोटे वेगळे पुंजके दिसले. समुद्रात बेटं दिसावीत तसे. पुढे त्यांना लँगरहान्सची बेटं असंच नाव पडलं. १८८९ मध्ये ऑस्कर मिन्कोव्स्की आणि जोसेफ फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. त्या कुत्र्याला डायबेटिस झाला. म्हणजे साखर ताब्यात ठेवणारं काहीतरी स्वादुपिंडात असतं, हे तेव्हाच कळलं होतं.

अडचण अशी होती की ते काहीतरी बाहेर काढायचं कसं? स्वादुपिंड दोन कामं करतं. एक म्हणजे अन्न पचवणारे रस बनवणं आणि दुसरं म्हणजे या बेटांमधून साखरेवर नियंत्रण ठेवणारा पदार्थ रक्तात सोडणं. अख्खं स्वादुपिंड कुटून अर्क काढला, की पचवणारे रस त्या पदार्थालाच नासवून टाकत असावेत, असं तेव्हा मानलं जायचं. तीस वर्षं अनेकांनी प्रयत्न केले. काहींना थोडंफार यशही आलं, पण पेशंटला देता येईल असं औषध तयार झालं नाही.

बॅरनच्या लेखात एका पेशंटची नोंद होती. खडा अडकून त्याच्या स्वादुपिंडाची नळी बंद झाली होती. पचवणारे रस बनवणाऱ्या पेशी त्यामुळे मरून गेल्या होत्या, पण बेटं मात्र शाबूत होती.

बँटिंगला झोप लागेना. रात्री दोनच्या सुमारास उठून त्यानं वहीत चार ओळी खरडल्या. कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधायची, पचवणाऱ्या पेशी मरेपर्यंत कुत्र्याला जगवायचं आणि मग उरलेल्या बेटांतून अर्क काढायचा, असा त्याचा अर्थ होता. या टिपणात त्यानं डायबेटिसचं स्पेलिंग चुकवलं होतं. ती वही आजही जपून ठेवलेली आहे.

दहा कुत्री, एक मदतनीस

बँटिंग ही कल्पना घेऊन टोरंटो विद्यापीठातल्या प्राध्यापक मॅक्लिओड यांच्याकडे गेला. मॅक्लिओड या विषयातले जगन्मान्य तज्ज्ञ. समोर बसलेल्या या तरुण सर्जनला संशोधनाचा काडीचा अनुभव नाही, हे त्यांनी पाहताक्षणी ओळखलं. पण त्यांनी त्याला हाकलून दिलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक रिकामी खोली, दहा कुत्री आणि एक मदतनीस द्यायचं त्यांनी कबूल केलं.

मदतनीस कोण, याचा निकाल नाणं उडवून लागला असं सांगतात. दोन विद्यार्थी होते, चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल. नाणेफेकीत बेस्टचं नाव निघालं. बेस्ट तेव्हा २२ वर्षांचा होता, बँटिंग २९ चा.

१७ मे १९२१ ला काम सुरू झालं आणि लगेच घोटाळेही सुरू झाले. पहिल्या काही आठवड्यांत बरीचशी कुत्री मेली. कुणी भुलीमुळे, कुणी रक्तस्रावानं, कुणी जंतुसंसर्गानं. स्वादुपिंडाच्या नळ्या ज्या धाग्यानं बांधल्या होत्या, तो धागाच शरीरात विरघळून गेला. नळ्या पुन्हा उघडल्या, म्हणजे पुन्हा ऑपरेशन. टोरंटोतला उन्हाळा, वरच्या मजल्यावरची तापलेली खोली आणि औषधांचा वास, अशा अवस्थेत दोघं राबत होते.

विद्यापीठानं दिलेली कुत्री संपली. मग पैसे देऊन कुत्री आणायला सुरुवात झाली. एका कुत्र्याला १ ते ३ डॉलर. ते कुठून आलं, कुणाचं होतं, हे विचारायचं नाही. रस्त्यावरची बेवारस कुत्री आणि कदाचित कुणाची हरवलेली कुत्रीही त्या खोलीत पोहोचली असतील. खर्चासाठी बँटिंगनं आपली जुनी मोटार विकून टाकली.

क्रमांक ४१०, ९२ आणि ३३

३० जुलै १९२१. ४१० क्रमांकाच्या पांढऱ्या टेरियर कुत्र्याचं स्वादुपिंड काढलेलं होतं. त्याला पहिल्यांदा बेटांचा अर्क टोचला. तासाभरात रक्तातली साखर उतरली. आजच्या आपल्या भाषेत सांगायचं तर २०० वरून १२० वर आली.

तीस वर्षं जे जमत नव्हतं, ते या खोलीत होताना दिसलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुत्रं मेलं.

त्यानंतर आली ९२ क्रमांकाची कुत्री. पिवळसर रंगाची कोली जातीची. अर्क मिळाल्यावर ही इतकी ताजीतवानी झाली, की पिंजऱ्यातून बाहेर काढल्यावर उड्या मारायची, बँटिंगच्या मागे मागे फिरायची. तीन आठवड्यांच्या आसपास ती जगली. मग अर्क संपला आणि ऑगस्टअखेर ती मेली. लढाईत माणसं मरताना पाहिलेला हा सर्जन त्या दिवशी रडला. ही कुत्री तो आयुष्यभर विसरला नाही.

तिसरी ३३ क्रमांकाची, जिला मार्जरी या नावानं ओळखतात. नोव्हेंबर १९२१ मध्ये तिचं स्वादुपिंड काढलं. एरवी असं कुत्रं आठवड्या-दोन आठवड्यांत मरतं. मार्जरी अर्काच्या इंजेक्शनांवर सुमारे ७० दिवस जगली.

मधल्या काळात शेतकऱ्याच्या मुलाला शेती आठवली. कत्तलखान्यात येणाऱ्या अनेक गाई गाभण असतात, हे त्याला ठाऊक होतं. पोटातल्या वासराच्या स्वादुपिंडात पचवणारे रस जवळजवळ नसतात, पण बेटं असतात. मग कुत्र्यावर ऑपरेशन करून अर्क मिळवायची गरजच काय? कत्तलखान्यातून माल आणला आणि अर्क गुणकारी ठरला. थोड्याच दिवसांत कळलं, की मोठ्या गाईचं अख्खं स्वादुपिंड अल्कोहोलमध्ये घालूनही अर्क निघतो.

याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या कल्पनेनं बँटिंगची झोप उडाली होती, ती नळी बांधण्याची कल्पना मुळात गरजेचीच नव्हती. चुकीच्या रस्त्यानं चालत तो बरोबर घराशी पोहोचला होता. मात्र त्या रस्त्यात किती कुत्री गेली, हा प्रश्न उरतोच.

लिओनार्ड थॉम्प्सन आणि मार्जरी

डिसेंबर १९२१ मध्ये जेम्स कॉलिप हा बायोकेमिस्ट या कामात आला. अर्क शुद्ध करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

टोरंटो जनरल हॉस्पिटलमध्ये तेव्हा लिओनार्ड थॉम्प्सन हा १४ वर्षांचा मुलगा दाखल होता. वजन २९-३० किलो. त्या काळी अशा मुलांवर एकच उपाय होता, जवळपास उपाशी ठेवणं. त्यानं मरण काही महिने पुढे ढकललं जायचं, एवढंच.

११ जानेवारी १९२२ ला त्याला बँटिंग-बेस्टचा अर्क टोचला. फारसा गुण आला नाही, उलट इंजेक्शनच्या जागी गळू झालं. कॉलिपनं रात्रंदिवस खपून अर्क आणखी शुद्ध केला. २३ जानेवारीला तो दिला आणि साखर उतरली. लिओनार्ड पुढे आणखी तेरा वर्षं जगला.

त्यानंतर चारच दिवसांनी, २७ जानेवारीला, मार्जरीला मारून तिच्या शरीराची तपासणी करण्यात आली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूजेस बँटिंगकडे आली. वय जवळपास १५ आणि वजन जेमतेम २० किलो. इन्शुलिन मिळालं आणि ती १९८१ पर्यंत जगली.

लॅटिनमध्ये बेटाला इन्सुला म्हणतात. त्यावरूनच या औषधाचं नाव पडलं, इन्शुलिन.

नोबेल मिळालं आणि भांडणं वाढली

बँटिंगचं चित्र साधाभोळा नायक असं रंगवलं जातं, पण माणूस तापट आणि संशयी होता. डिसेंबर १९२१ मध्ये एका परिषदेत त्याला आपलं काम नीट मांडता आलं नाही. प्रश्नांना मॅक्लिओड यांनी उत्तरं दिली, तर हा माणूस आपलं श्रेय लाटतोय असं त्याच्या मनानं घेतलं. जानेवारीत कॉलिप शुद्धीकरणाची पद्धत सांगायला तयार नाही असं वाटल्यावर बँटिंग त्याच्या अंगावर धावून गेला. त्या दिवसांत त्याचं पिणंही वाढलं होतं.

१९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लिओड यांना जाहीर झालं. बेस्टला वगळलं म्हणून बँटिंग भडकला आणि त्यानं आपल्या बक्षिसाची अर्धी रक्कम बेस्टला दिली. मग मॅक्लिओड यांनीही अर्धी रक्कम कॉलिपला दिली. तेव्हा बँटिंग ३१ वर्षांचा होता. वैद्यकशास्त्राचं नोबेल एवढ्या कमी वयात आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही.

एक नाव मात्र मागेच राहिलं. रुमानियातले निकोलाय पाउलेस्कू. त्यांनीही कुत्र्यांवर असाच अर्क वापरून १९२१ मध्येच आपले निष्कर्ष छापले होते. श्रेयाचा हा वाद अजून मिटलेला नाही.

पण एका बाबतीत या सगळ्यांना मानावं लागतं. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्शुलिनचं पेटंट टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी फक्त १ डॉलरला देऊन टाकलं. हे औषध सगळ्यांना मिळालं पाहिजे, यावर कुणा एकाची मक्तेदारी नको, हा त्यामागचा विचार.

उत्तनच्या लोकांना आवडेल अशी एक गोष्टही १९२२ मध्येच घडली. काही माशांमध्ये ही बेटं स्वादुपिंडापासून वेगळी, नुसत्या डोळ्यांनी दिसतील अशी असतात. मॅक्लिओड यांनी उन्हाळ्यात कॅनडाच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन अशा माशांपासून इन्शुलिन काढून दाखवलं. पचवणारे रस नसलेल्या बेटांतूनच इन्शुलिन येतं, हे त्यातून पक्कं झालं. मोठ्या प्रमाणात उत्पादनासाठी मात्र गाई-डुकरांचं स्वादुपिंडच सोयीचं पडलं.

प्रसिद्धीला कंटाळलेला माणूस

कॅनडाच्या सरकारनं बँटिंगला वर्षाला ७,५०० डॉलरचं आयुष्यभराचं मानधन दिलं. १९३४ मध्ये सर ही पदवी मिळाली. त्याच्या नावाची संशोधन संस्था निघाली. पण इन्शुलिनसारखं दुसरं काही त्याच्या हातून घडलं नाही. पहिलं लग्न मोडलं. लोक, पत्रकार, समारंभ यांचा त्याला वैताग यायचा. मन रमायचं ते चित्रं काढण्यात. प्रसिद्ध चित्रकार ए. वाय. जॅक्सन यांच्याबरोबर तो बर्फाळ आर्क्टिकपर्यंत चित्रं रंगवायला गेला होता.

दुसरं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा तो लढाऊ वैमानिकांच्या आरोग्यावरच्या संशोधनात होता. फेब्रुवारी १९४१ मध्ये इंग्लंडला निघालेलं त्याचं विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळलं. वैमानिक वाचला. बँटिंग २१ फेब्रुवारीला गेला. वय ४९.

कुत्र्याला डायबेटिस होतो म्हणजे नेमकं काय?

बँटिंगच्या खोलीतली कुत्री आजारी नव्हती. त्यांचं स्वादुपिंड काढून त्यांना डायबेटिस दिला गेला होता. पण कुत्र्यांना हा आजार आपोआपही होतो, साधारण मध्यम वयात किंवा म्हातारपणी.

आपल्याकडे मोठ्या माणसांत जास्त करून टाइप २ डायबेटिस दिसतो. त्यात शरीर इन्शुलिन बनवतं, पण त्याला दाद देत नाही. अशा वेळी गोळ्यांवर भागतं. कुत्र्याचं तसं नसतं. त्याच्या स्वादुपिंडातल्या बेटांमध्ये इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच बहुधा नष्ट झालेल्या असतात. म्हणून गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि बहुतेक कुत्र्यांना आयुष्यभर इन्शुलिन लागतं. म्हणजे घरातला डायबेटिसवाला कुत्रा घरातल्या आजोबांपेक्षा लिओनार्ड थॉम्प्सनच्या जास्त जवळचा.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत, फक्त लक्ष हवं:

- कुत्रा नेहमीपेक्षा फार पाणी पितो, वाटी सतत रिकामी दिसते.
- लघवी वारंवार होते, घरात न करणारा कुत्राही घरात करायला लागतो.
- भूक भरपूर, तरी वजन उतरत जातं.
- डोळे पांढुरके, दुधी दिसायला लागतात.

रक्तातली साखर साधारण २०० च्या आसपास गेली, की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही आणि ती लघवीत उतरते. जाताना पाणीही ओढून नेते, म्हणून तहान वाढते. लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या जुन्या लोकांनी टिपलेलं लक्षण. मधुमेह हे नावही त्यातूनच आलेलं आहे. कुत्र्याच्या बाबतीतही मुंग्या दिसल्या तर तपासणी करून घ्यावी.

डोळ्यांचं कारण वेगळं. जास्तीची साखर डोळ्याच्या भिंगात शिरते, तिचं दुसऱ्या पदार्थात रूपांतर होतं, तो पाणी ओढतो आणि मोतीबिंदू होतो. कुत्र्यांत हे फार झपाट्यानं घडतं. अनेकदा मालक दृष्टी गेली म्हणून दवाखान्यात येतो आणि तिथे कळतं की मूळ दुखणं शुगरचं आहे.

कुत्रीला धोका जास्त का?

निर्बीजीकरण न झालेल्या मोठ्या वयाच्या कुत्रीला या आजाराचा धोका जास्त असतो. कुत्री माजावर येऊन गेली, की पिल्लं राहोत वा न राहोत, पुढचे साधारण दोन महिने तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं राहतं. त्यामुळे तिच्या दुधाच्या ग्रंथी वाढीचं संप्रेरक सोडायला लागतात आणि ते इन्शुलिनच्या कामात आडवं येतं. अशा वेळी लवकर निदान होऊन निर्बीजीकरण झालं, तर काही कुत्र्यांचा डायबेटिस मागेही हटतो.

म्हणजे उत्तनच्या केंद्रात जी शस्त्रक्रिया संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी होते, तीच शस्त्रक्रिया घरातल्या पाळीव कुत्रीला या आजारापासून बऱ्याच अंशी वाचवू शकते. पिल्लं नको असोत वा नसोत, पशुवैद्यकाशी या विषयावर बोलून घेतलेलं बरं.

लठ्ठपणा, स्वादुपिंडाची सूज आणि खाजेसाठी दिलेली स्टेरॉइड औषधं यांनीही धोका वाढतो. स्टेरॉइड डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून आणून देऊ नका.

उपचार होतो का?

होतो. साधारणपणे दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी जेवण आणि कातडीखाली इन्शुलिनचं इंजेक्शन. सुई बारीक असते, बहुतेक कुत्री चार दिवसांत सरावतात. डुकराचं आणि कुत्र्याचं इन्शुलिन तंतोतंत सारखं असतं, म्हणून प्राण्यांसाठीचं इन्शुलिन डुकरापासून बनवतात. ते नसेल तर पशुवैद्यक माणसांचं काही प्रकारचं इन्शुलिनही वापरतात. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि शेजारच्या पेटिट प्राण्यांच्या रुग्णालयात गेली शंभराहून अधिक वर्षं प्राण्यांवर उपचार होत आहेत.

तीन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली, घरातल्या माणसाचा डोस कुत्र्याला कधीही देऊ नका. डोस पशुवैद्यकच ठरवणार.

दुसरी, बाटली आणि सिरिंज जुळली पाहिजे. आपल्याकडे इन्शुलिन ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदींत येतं. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल असतं, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. अदलाबदल झाली तर डोस दुपटीपेक्षा जास्त जाऊ शकतो.

तिसरी, साखर फार उतरली तर कुत्रा लडखडतो, थरथरतो, झटके येतात. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळा आणि लगेच दवाखाना गाठा. घरात कुणाला डायबेटिस असेल, तर त्यांचे झायलिटॉल असलेले शुगर-फ्री पदार्थ कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. माणसाला चालणारं झायलिटॉल कुत्र्याच्या शरीरात एकदम इन्शुलिन सोडायला लावतं आणि त्यात जीव जाऊ शकतो.

हे सगळं ऐकून अनेक जण हात टेकतात. रोज दोन इंजेक्शनं, खर्च, सुट्टीला जाता येत नाही. काही कुत्री याच कारणानं रस्त्यावर सोडली जातात. इन्शुलिन बंद झालेलं कुत्रं रस्त्यावर फार दिवस काढू शकत नाही. ते कसं मरतं, हे बँटिंगच्या खोलीतल्या कुत्र्यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवलेलं आहे. उलट नीट उपचार मिळालेलं कुत्रं निदानानंतरही अनेकदा काही वर्षं चांगलं जगतं.

त्या कुत्र्यांचं काय?

बँटिंगच्या काळातही प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध करणारे लोक होते. आज भारतात असे प्रयोग करायचे तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची समिती आणि संस्थेतली नैतिकता समिती यांची परवानगी लागते. दोन डॉलरला रस्त्यावरचं कुत्रं आणून काम सुरू करता येत नाही. तो नियम तेव्हा असता तर इन्शुलिन कधी आणि कसं मिळालं असतं, यावर वाद घालता येईल. पण जे झालं ते झालं. १९८२ पासून बाजारात जीवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्शुलिन आलं, त्यामुळे आज माणसांच्या इन्शुलिनसाठी बहुतेक ठिकाणी गाई-डुकरांचीही गरज उरलेली नाही.

१४ नोव्हेंबरला आपल्याकडे बालदिन असतो. त्याच दिवशी बँटिंगचा जन्मदिवस म्हणून जगभर मधुमेह दिन पाळला जातो. ज्या घरात त्याला ती रात्री दोनची कल्पना सुचली, ते घर आता संग्रहालय आहे. तिथे १९८९ पासून एक ज्योत तेवत ठेवली आहे. डायबेटिस पूर्ण बरा करणारा उपाय सापडेल, तेव्हाच ती विझवायची असं ठरलंय. कारण इन्शुलिननं जीव वाचतो, आजार जात नाही. माणसाचाही नाही आणि कुत्र्याचाही नाही.

तोवर ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांनी पाण्याच्या वाटीवर लक्ष ठेवावं. कालपर्यंत दिवसभर पुरणारी वाटी आज दुपारीच रिकामी होत असेल, तर उन्हाळा आहे म्हणून सोडून देऊ नका. एकदा शुगर तपासून घ्या.